चार दहाची चाचणी

कारखान्याच्या बॉयलर हाऊसमधलं पॅनल कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणलं, त्या दिवशी त्याला झेंडूचा हार घातला होता. हार घालणारे हात तेच, ज्यांच्या कारकिर्दीत कारखान्याचं धुराडं थंड झालं. आमच्या बीड जिल्ह्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. ऊस नाही, पाणी नाही म्हणून सहकारी कारखान्याला कुलूप लागलं, की संचालक मंडळी त्याच माळावर इंजिनिअरिंग कॉलेज काढतात. पोरं उसापेक्षा कमी पाण्यावर येतात.

पॅनलबरोबर माणिकरावही आले. कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. त्या माणसाएवढ्या लोखंडी कपाटातली कुठली तार कुठून निघते आणि कुठं जाऊन बसते, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कॉलेजने त्यांना प्रयोगशाळा सहायक करून घेतलं. पोरं त्यांना मामा म्हणायची. विभागप्रमुख बद्रीनाथ सर म्हणायचे, नव्या कॉम्प्युटरवाल्या किटवर पोरं बटनं दाबायला शिकतात आणि या जुन्या धुडावर भ्यायला शिकतात, इंजिनिअरला दोन्ही आलं पाहिजे.

प्रयोग क्रमांक सात या पॅनलवर व्हायचा. उंच घडवंचीवर एक लोखंडी टाकी, तिच्या पोटात पाणी तापवणारी हीटरची सळई, आणि बाहेरून पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची उभी नळी. टाकीत वरून आणखी तीन बारीक सळ्या सोडलेल्या. पाणी सळईला टेकलं की पॅनलला कळतं पाणी आहे. पाणी खाली गेलं की भोंगा वाजतो आणि हीटर आपोआप बंद पडतो. पॅनलच्या दारावर मधोमध एक पिवळं बटन होतं, चाचणीचं. ते दाबलं की पॅनलला क्षणभर वाटतं, पाणी संपलं. तेव्हा भोंगा वाजलाच पाहिजे. वाजला तर यंत्रणा जिवंत, न वाजला तर हात लावू नये. एवढं साधं गणित होतं, आणि त्याच साध्या गणितात माणिकरावांच्या आयुष्याची माती झाली होती.

दोन हजार सोळाचा मार्च. विहिरी आटून वर्ष झालेलं, कॉलेजला टँकरचं पाणी, तेही कुठल्या तरी खोल बोअरचं. भांड्यात ठेवलं तर बुडाला पांढरा थर धरायचा. तोच थर टाकीतल्या सळ्यांवर चढला. क्षार चढलेल्या सळईला पाणी टेकलेलं कळत नाही, मग टाकी भरलेली असली तरी पॅनल बोंब मारतं. दिवसातून चार-पाच वेळा भोंगा उगीच केकाटायला लागला. शेजारच्या वर्गात बद्रीनाथ सरांचं लेक्चर चालू असायचं. एके दिवशी ते दारात येऊन वैतागून म्हणाले, माणिकराव, त्याचं तोंड बंद करा बाबा कसंही.

माणिकरावांनी हत्याराची पिशवी उघडली, तळातून वीतभर लाल तार काढली, आणि पॅनलच्या आत दोन स्क्रूंच्या मध्ये जोडून टाकली. आता सळ्या काहीही म्हणोत, पॅनलला कायम वाटणार की पाणी आहे. भोंगा मुका झाला. त्यांनी दार लावून घेतलं, पण ही तार साधी नव्हती. हेच काम याच तारेनं, याच दोन स्क्रूंवर त्यांनी बारा वर्षांपूर्वी एकदा केलं होतं.

तेव्हाही दुष्काळच होता. कारखाना अर्ध्या उसावर कसाबसा चालू होता, बॉयलरला पाणी बोअरचं, आणि भोंग्याचं हेच उगीच केकाटणं. दर केकाटण्याला बॉयलर बंद पडायचा, मग वरून शिव्या. त्या दिवशी दुपारी साडेतीनला माणिकरावांनी लाल तार जोडली. नियम असा, की अशी तार जोडली तर नोंदीच्या कागदावर लिहायचं आणि पुढच्या पाळीच्या माणसाला तोंडानं सांगायचं. पुढच्या पाळीला, चार ते बाराला, बॉयलरवर धोंडीराम उगले येणार होता. चारला तो आला की सांगू, असं माणिकरावांच्या मनात होतं. पण पावणेचारला निरोप आला की कॉलनीत टँकर लागलाय, आणि आज नंबर चुकला तर पाणी थेट पाचव्या दिवशी. कागदावर लिहायचंही राहून गेलं, माणिकराव घागरी घेऊन पळाले.

धोंडीरामची एक रीत होती. पाळीवर आला की पॅनलला हात लावून कपाळाला लावायचा, मीटर पुसायचा, आणि बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी पिवळं बटन दाबायचा. भोंगा एकदा वाजला की मगच कागदावर पहिली नोंद. रोज. खंडेनवमीची पूजा चालू असली तरी. अख्खी कॉलनी त्या भोंग्यावर चहाचं आधण ठेवायची. त्या दिवशी टँकरच्या रांगेत माणिकरावांची बायको पारूबाई सहज बोलून गेली, "आज धोंडीभावजींचा भोंगा कावून न्हाई झाला?" माणिकरावांच्या हातातली घागर सुटली. ते पळत निघाले, पण निम्म्या वाटेवरच त्यांना आवाज ऐकू आला. तो भोंग्याचा नव्हता.

बॉयलरमधलं पाणी त्या दिवशी खरंच खाली गेलं होतं. बॉयलरची लोखंडी नळी फुटली, आणि धोंडीराम पाणी दाखवणाऱ्या काचेसमोरच उभा होता. वाफेनं भाजलेल्या माणसाचं वर्णन करू नये. माणिकराव पोचले तेव्हा सगळे तिकडे धावलेले, पॅनलपाशी कुणी नव्हतं. त्यांनी दार उघडलं, लाल तार ओढून काढली, खिशात घातली. मग त्यांची नजर नोंदीच्या कागदावर गेली. पहिल्याच ओळीत धोंडीरामचं गोलगोल अक्षर होतं. त्यांनी तो कागदही काढला, घडी केली, आणि पॅनलच्या दाराला आतून जो नकाशाचा खण असतो त्यात, नकाशाच्या मागं सारला. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले, त्यांनी पिवळं बटन दाबलं, भोंगा खणखणीत वाजला. यंत्रणा ठीक. चार दहाचा भोंगा झाला नाही, हे तर साऱ्या कॉलनीनंच सांगितलं. म्हणजे धोंडीराम पाळीवर येऊन झोपला. असं कागदावर आलं, आणि कागदावरनं गावोगाव गेलं.

त्या दिवसापासून पारूबाईंनी घरात चारचा चहा केला नाही, आणि माणिकरावांनी मागितला नाही. दोघांत या विषयावर एक अक्षर कधी झालं नाही. बारा वर्षं.

आता तीच तार पुन्हा जोडली, आणि तिसऱ्या दिवशी माणिकरावांनी पाहिलं, की चार वाजून दहा मिनिटांनी पिवळं बटन आपोआप आत गेलं. कुणी दाबल्यासारखं, सावकाश, आणि पुन्हा वर आलं. भोंगा वाजला नाही, वाजणारच नव्हता. प्रयोगशाळेत तेव्हा कुणी नव्हतं. स्प्रिंग ढिली झाली असेल म्हणून त्यांनी स्प्रिंग बदलली. चौथ्या दिवशी तेच. मग त्यांनी अख्खं बटन बदलून नवं कोरं बसवलं. पाचव्या दिवशी नवं बटन आत गेलं. मार्चच्या त्या कोरड्याठाक हवेत मीटरच्या काचेला आतून वाफ धरलेली असायची, आणि ती कुणीतरी फडक्यानं पुसल्यासारखी मधोमध स्वच्छ. मेकॅनिक माणूस, भुताखेतांना हसणारा. पण चार वाजत आले की ते काहीतरी निमित्त काढून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायचे.

तार काढून टाकली असती तर? रोज मनात यायचं. पण आता त्या दाराला हात लावायचीच त्यांना भीती वाटत होती.

यात भर म्हणजे जानेवारीपासून प्रयोगशाळेत येणारी तिसऱ्या वर्षाची तुकडी. हजेरीच्या यादीत एक नाव होतं, उगले मंजुळा धोंडीराम. पहिल्यांदा ते नाव मोठ्यानं वाचताना माणिकरावांची जीभ अडखळली, आणि मागच्या बाकावरून एक काटकुळी मुलगी उभी राहून "हजर" म्हणाली. वडवणीची. बाप गेला तेव्हा आठ वर्षांची. आई मालनबाई नवऱ्यामागं भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जायची, जोडी नाही म्हणून अर्धा कोयता धरून, आणि पोरीला आजोळी ठेवून शिकवायची. हे सगळं पोरीनं आपणहून सांगितलं, कारण मामा तिला आवडायचे. तिच्या बापाच्या कारखान्यातले मामा, म्हणून जास्तच. ती समोर आली की माणिकराव तिला इतर पोरांपेक्षा जास्त वेळ देऊन शिकवायचे. तेवढीच भरपाई त्यांना जमत होती.

एकदा दुपारी प्रात्यक्षिकाला एका पोरीचा डोळा लागला. मंजुळानं तिला असं गदागदा हलवलं की ती रडकुंडीलाच आली. माणिकरावांनी नंतर विचारलं, एवढं काय झालं होतं. मंजुळा खाली बघत म्हणाली, "आमच्यात दिवसा कुणी झोपत न्हाई, मामा. आई तर तापातबी न्हाई. फडावर समद्या बाया दुपारच्या गाडीखाली पडतात, आई बसून राहती. एकदा पडली होती, तर कुणीतरी म्हनलं, घरान्यातच हाय ते." त्या संध्याकाळी माणिकराव घरी जेवले नाहीत.

सांगावं, असं त्यांनी कितीदा तरी ठरवलं. बसस्टँडवर तिच्या शेजारी उभं राहूनसुद्धा ठरवलं. पण सांगितलं की मामा म्हणणारं हे एक तोंड जाणार, नोकरी जाणार, गावात तोंड दाखवता येणार नाही. न सांगितलं तर एका मेलेल्या माणसाला रोज चार दहाला यावं लागणार. त्यांना वाटायचं, धोंडीराम सूड घ्यायला येतोय. रोज बटन दाबून विचारतोय, की भोंगा कावून वाजत न्हाई, माणिक?

गुरुवार होता. मंजुळाच्या गटाचा प्रयोग क्रमांक सात. बाकीची दोन पोरं नोंदी आटपून साडेतीनच्या बसला पळाली, मंजुळा एकटीच राहिली, तिला पुन्हा एकदा सगळं मोजून बघायचं होतं. हीटर चालू होता. पावणेचारच्या सुमाराला गच्चीवरची टाकी रिकामी झाली, टँकर आलाच नव्हता. प्रयोगाच्या टाकीचा खालचा कॉक कुणीतरी अर्धवट बंद केलेला, त्यातून पाणी बारीक धारेनं चाललं होतं. हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. माणिकराव नेहमीप्रमाणे चारला उठून दाराकडे निघाले, आणि त्या दिवशी का कोण जाणे, उंबऱ्यातच थांबले.

चार दहाला बटन आत गेलं. मंजुळानं ते पाहिलं.

ती दचकली नाही. तिच्या जागी दुसरं कुणी किंचाळलं असतं. तिनं पॅनलकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग वही स्टुलावर ठेवून ती टाकीच्या घडवंचीकडे चालू लागली. माणिकरावांनी पुढं होऊन वही पाहिली. निरीक्षणाच्या रकान्यात तिचं गोलगोल अक्षर होतं: ४.१०. चाचणीचं बटन आपोआप दबलं. भोंगा वाजला नाही. काच बघायला जाते.

बारा वर्षांत त्यांनी धोंडीरामचा तो कागद एकदाही उघडला नव्हता, पण त्यातली ओळ त्यांना पाठ होती. त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला आणि घडवंचीच्या पायरीवर चढलेल्या मंजुळाला दंडाला धरून खाली खेचलं. इतक्या जोरात, की दोघंही फरशीवर पडले. वर टाकीत हीटरची सळई उघडी पडली होती, लालभडक. काचेच्या नळीत पाण्याचा टिपूस नव्हता. गच्चीवरच्या टाकीत पाणी येऊन ते गार पाणी त्या सळईवर पडलं असतं, तर ती काच पोरीच्या तोंडावर फुटली असती.

सळई काळी पडेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली. मंजुळाच्या कोपराला खरचटलं होतं. मग माणिकराव उठले, पॅनलचं दार उघडलं आणि तिला लाल तार दाखवली. ती कुणी जोडली ते सांगितलं. नकाशाच्या खणात हात घालून त्यांनी तो कागद काढला आणि घडी न उलगडताच तिच्या हातात दिला. कागद बारा वर्षांचा, पण घडीत ओल होती.

४.१०. चाचणी घेतली. भोंगा वाजला नाही. काच बघायला जातो. धों. उगले.

मंजुळानं तो वाचला. पुन्हा वाचला. आपली वही शेजारी धरून बघितली. माणिकरावांना वाटलं ती आता रडेल, किंवा मारेल. पण ती दोष शोधायला शिकलेली पोरगी होती, आणि शिकवलं त्यांनीच होतं.

"इन्स्पेक्टरनं दुसऱ्या दिवशी बटन दाबलं तवा भोंगा वाजला," ती म्हणाली. "म्हंजे तार मधी कुणीतरी काढली."

"मी काढली."

"कागदबी तुमीच काढला."

"हो."

तिच्या तोंडून मामा आलं नाही, ते त्यांनी ऐकलं. वही मिटून ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग न्हाई. माझ्या आईला सांगा. उद्याच्या उद्या चला."

त्या संध्याकाळी माणिकरावांनी तार काढली, सळ्या घासून स्वच्छ केल्या आणि बद्रीनाथ सरांना सगळं सांगून सहीनिशी लिहून दिलं. तोंड बंद करा म्हणणाऱ्या सरांनी तो कागद उभ्यानंच दोनदा वाचला. घरी आल्यावर माणिकरावांनी पारूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, मला ठाऊक हाय, तुमच्या हातातनं घागर पडली तवापासून. आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून ते मंजुळाबरोबर वडवणीला पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. त्या साली ऊसच नव्हता, त्यामुळे टोळ्या लवकर परतलेल्या, मालनबाई घरीच होत्या. पत्र्याच्या खोलीत, भिंतीला पाठ न टेकता, तूर निवडत बसल्या होत्या. कारखान्यातलं माणूस आलं म्हणून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. त्या घरात तांब्याभर पाणी म्हणजे काय, ते माणिकरावांना कळत होतं. त्यांनी तांब्याला हात लावला नाही. आधी सांगितलं. टँकरपासून तारेपर्यंत, तारेपासून कागदापर्यंत, काही न वगळता, मान खाली घालून.

मालनबाई ऐकताना तूर निवडतच राहिल्या. सांगून झाल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, "वाच."

मंजुळानं वाचलं.

"परत वाच."

तिनं पुन्हा वाचलं. चाचणी घेतली, भोंगा वाजला नाही, काच बघायला जातो. मालनबाईंनी तो कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या अक्षरांवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या, आणि शेवटी माणिकरावांकडे न बघता म्हणाल्या, "म्हंजे ते जागे व्हते."

"जागे होते, वहिनी," माणिकराव म्हणाले. "तिथं जागा असा तो एकटाच होता."

त्यांना वाटलं होतं, बाई शाप देतील. त्यासाठीच ते आले होते म्हटलं तरी चालेल. पण मालनबाईंनी तुरीचं सूप बाजूला सारलं, कागद घडी करून चोळीत ठेवला, आणि लेकीला एवढंच म्हणाल्या, "मी जरा पडते गं." मग भर दुपारी, परका माणूस दारात बसलेला असताना, उघड्या फरशीवरच उशाला हात घेऊन आडव्या झाल्या. पदर तोंडावर ओढायचीसुद्धा त्यांना सवड मिळाली नाही. थोड्याच वेळात त्या घोरू लागल्या.

माणिकराव बाहेर ओट्यावर येऊन बसले. साडेचारची बस होती. शेजारच्या दोन बाया डोकावून गेल्या, मंजुळानं तोंडावर बोट ठेवून त्यांना परतवलं. चार वाजले. माणिकराव घड्याळ बघत होते आणि त्यांचे कान नको तेवढे उघडे होते. चार दहा झाले. तिकडं लांब, बंद प्रयोगशाळेत, बटन आत गेलं असेल का, आणि तार काढलेली असताना भोंगा वाजला असेल का, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. इथं तर काहीच ऐकू आलं नाही. आत मालनबाईंनी फक्त कूस बदलली.

मंजुळानं चूल पेटवून आईसाठी चहा ठेवला होता. तो झाला, तिनं कपात ओतला, आईच्या उशाशी आणून ठेवला आणि शेजारी बसून राहिली. चहा निवून त्यावर साय धरली, तरी तिनं आईला उठवलं नाही.